चार वर्षांची फाइल आणि ग्लोब्युलिनचा आकडा

मुलगा चार वर्षं दोन महिन्यांचा. वजन १२.१ किलो, उंची ९६ सेंटिमीटर. पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एकच ओळ होती: ‘वारंवार न्यूमोनिया, एकेटी दोनदा झाली, पुढील तपासणीसाठी.’ एकेटी म्हणजे टीबीवरचे उपचार. कुटुंब यवतमाळ जिल्ह्यातलं, कोरडवाहू शेती, वर्षातले काही महिने वडील जिनिंगमध्ये कामाला. आईने प्लास्टिकच्या पिशवीतून चार वर्षांचे कागद आणले होते: सहा डिस्चार्ज कार्डं, एक्स-रेचे पिवळे लिफाफे, पावसात भिजून एकमेकांना चिकटलेले रक्ताचे रिपोर्ट.

मुलाची ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, आणि अशाच इतर मुलांच्या कागदांतल्या एक-दोन गोष्टी यात मिसळल्या आहेत. वैद्यकीय भाग मात्र या आजारात जसा असतो तसाच ठेवला आहे.

कागद तारखेप्रमाणे लावायलाच बराच वेळ गेला. लावल्यावर दिसलं ते असं. जन्म पूर्ण दिवसांचा, वजन २.८ किलो. नाळ दहाव्या दिवशी पडली. बीसीजीचा व्रण डाव्या दंडावर नीट उमटलेला. सातव्या महिन्यापर्यंत एकही दवाखाना नाही. आठव्या महिन्यात उजवा कान फुटला, दहाव्यात डावा. अकराव्या महिन्यात ताप आणि धाप. आजी म्हणाली डबा झालाय (बाळाला धाप लागली की गावात असंच म्हणतात), पोटावर बिब्ब्याचे चटके दिले गेले आणि दोन दिवसांनी तालुक्याला भरती. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया, सात दिवस सलाइनमधून अँटिबायोटिक. दीड वर्षाचा असताना पुन्हा न्यूमोनिया, या वेळी डाव्या बाजूला. खोकला लांबला, वजन वाढेना, म्हणून सहा महिने टीबीची औषधं. टीबीची मॅन्टो चाचणी निगेटिव्ह होती आणि पोटातून काढलेल्या नमुन्यातही जंतू नव्हते. दोन वर्षांचा असताना महिनाभर जुलाब, शौचात जिआर्डिया हा परजीवी. दोन वर्षं सात महिने: डावा गुडघा सुजला, पू काढला, कल्चरमध्ये न्यूमोकोकस हा जंतू. तीन वर्षं: पुन्हा उजवीकडे न्यूमोनिया, छातीत पू, नळी टाकून बारा दिवस भरती आणि पुन्हा एकेटी. या सगळ्याच्या मधल्या काळात कान वाहतच होता. त्याची नोंद कुठल्याच कार्डावर नाही, कारण वाहणाऱ्या कानासाठी कुणी भरती होत नाही.

‘याचं एक झालं की एक चालूच राहते,’ आई म्हणाली. अख्ख्या फाइलीचा सारांश एवढाच होता, आणि तो कुणी लिहून घेतला नव्हता.

यात डॉक्टरांनी हलगर्जीपणा केला असं मला वाटत नाही. पहिला न्यूमोनिया ज्यांनी बरा केला त्यांनी तो नीटच बरा केला. गुडघा ज्यांनी उघडला त्यांनी वेळेवर उघडला. सांधा आज व्यवस्थित वाकतो. विदर्भातलं मूल म्हणून एका डॉक्टरांनी सिकलसेलची चाचणीही केली होती, आणि ते योग्यच होतं. सिकलसेलमध्ये प्लीहा निकामी होते आणि मग नेमका न्यूमोकोकसच त्रास देतो. चाचणी निगेटिव्ह आली आणि विचार तिथे थांबला. पाच डॉक्टरांनी पाच आजार पाहिले. आजारांची रांग पाहायला सगळे कागद एका टेबलावर यावे लागतात, आणि ते चार वर्षांत एकदाही आले नाहीत.

प्रतिकारशक्तीचे जन्मजात दोष ओळखण्यासाठी जगभर वापरली जाणारी दहा लक्षणांची यादी आहे, जेफ्री मॉडेल फाउंडेशनची. अमेरिकेतल्या एका दांपत्याने त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा अशाच आजाराने गेल्यावर १९८७ मध्ये ही संस्था काढली. वर्षात चार किंवा जास्त वेळा कानाचा संसर्ग, वर्षात दोन न्यूमोनिया, दोन महिने अँटिबायोटिक देऊनही फरक नाही, वजन-उंची न वाढणं, खोलवर होणारे गळू, तोंडात किंवा कातडीवर हटवादी बुरशी, शिरेतून अँटिबायोटिक दिल्याशिवाय न जाणारा संसर्ग, घराण्यात असा आजार, अशी ती यादी. चांगली आहे, पण ती ज्या देशात तयार झाली तिथे मुलाची सगळी नोंद एका ठिकाणी असते. आपल्याकडे ‘वर्षात दोन न्यूमोनिया’ हे कळणार कसं, पहिला एका गावात आणि दुसरा दुसऱ्या गावात झाला असेल तर? वजन न वाढणं हे लक्षण आपल्या ग्रामीण भागात इतक्या मुलांमध्ये दिसतं, की एकट्याने त्याला फारसं वजन उरत नाही. अँटिबायोटिक तर मेडिकलमधून चिठ्ठीशिवायही मिळतं. किती दिवस दिलं याचा हिशोब घरच्यांनाही नसतो. ब्रिटनमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या दहांपैकी तीनच लक्षणं खरी उपयोगाची ठरली: घराण्यातला इतिहास, शिरेतून द्यावी लागलेली अँटिबायोटिक आणि वाढ खुंटणं. आमच्या भागासाठी मी त्यात स्वतःचं एक लक्षण जोडतो. जंतू न सापडता दुसऱ्यांदा एकेटी सुरू करावीशी वाटली, तर आधी थांबून प्रतिकारशक्ती तपासायची. टीबी आपल्याकडे भरपूर आहे, त्यामुळे पहिल्यांदा शंका येणं समजतं. पुराव्याशिवाय दुसऱ्यांदा येणं हा आपल्याला काहीतरी दिसत नसल्याचा इशारा आहे.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे वाचून उद्या सर्दी झालेल्या प्रत्येक मुलाचे आईबाप इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडींची, चाचणी मागतील. अंगणवाडीत किंवा बालवाडीत जाऊ लागलेल्या मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होणं सामान्य आहे. घरात मोठं भावंड असेल तर दहा वेळाही. दोन आजारांच्या मध्ये मूल खेळतं, खातं, वजन वाढतं आणि साध्या औषधाने किंवा औषधाशिवाय बरं होतं. अशा मुलाची प्रतिकारशक्ती उत्तम असते, ती फक्त शिकत असते. आपल्याला वेगळं मूल ओळखायचं आहे: ज्याचा आजार नेहमीपेक्षा गंभीर असतो, नेहमीपेक्षा लांबतो, अनपेक्षित जागी होतो किंवा अनपेक्षित जंतूमुळे होतो.

जंतू काय सांगत होते

फाइल लावून झाल्यावर माझ्या डोळ्यांसमोर तीन गोष्टी होत्या. न्यूमोनिया एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. एकाच जागी पुन्हापुन्हा झाला असता तर मी आधी श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा किंवा जन्मजात दोष शोधला असता. जागा बदलत असेल तर दोष जागेचा नसतो. दुसरं, सुरुवात आठव्या महिन्यात. तिसरं, जंतू न्यूमोकोकस आणि सोबत जिआर्डिया. बुरशी नाही, कांजिण्या-गोवराचा उग्र आजार नाही, बीसीजीच्या जागी फोड किंवा काखेत गाठ नाही.

या तीन गोष्टींवरून निदानाची दिशा बरीचशी ठरते. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या रक्तातली आयजीजी प्रकारची अँटिबॉडी, म्हणजे जंतूंना चिकटणारं संरक्षक प्रथिन, वारेतून बाळाकडे जाते. ती पहिले काही महिने पुरते आणि सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येते. तोपर्यंत बाळ स्वतःची बनवू लागलेलं असतं. जे बाळ बनवूच शकत नाही ते सहा-सात महिने अगदी धट्टंकट्टं असतं आणि मग एकाएकी आजारी पडू लागतं. म्हणून ‘पहिल्यापासून आजारी आहे का’ एवढंच विचारून भागत नाही. नेमकं कितव्या महिन्यापासून, हे विचारावं लागतं.

प्रतिकारशक्तीला दिशा देणाऱ्या टी पेशींचाच दोष असता तर गोष्ट वेगळी असती. तीव्र संयुक्त प्रतिकारदोषात, ज्याला एससीआयडी म्हणतात, बाळ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच कोलमडतं: तोंडात न हटणारी पांढरी बुरशी, जुलाब, धाप, वजन उतरणं, आणि जन्मतः दिलेली बीसीजी अंगभर पसरणं. आपल्याकडे बीसीजी जन्मल्या दिवशीच देतात, त्यामुळे ही खूण आपल्याला पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसते. अशा तान्ह्या बाळाच्या साध्या रक्तचाचणीत, म्हणजे सीबीसीत, लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा काढला तर तो बहुतेकदा तीन हजारांच्या खाली असतो. हा आकडा प्रत्येक सीबीसीवर असतो, फक्त टक्केवारीतून गुणून काढावा लागतो. पांढऱ्या पेशींना जंतू गिळून मारता येत नसतील, तर यकृतात गळू, हाडात पू, लिम्फ गाठी फुटणं आणि अॅस्परजिलससारखी बुरशी हे चित्र. नाळ महिना उलटला तरी पडत नसेल तर ती वेगळी दिशा. मुलाला इसब, रक्तस्राव आणि लहान आकाराचे प्लेटलेट असतील तर आणखी वेगळी. जन्मजात प्रतिकारदोष आज साडेचारशेहून अधिक ज्ञात आहेत. ते पाठ करायची गरज नाही. कुठल्या वयात, कुठल्या जागी, कुठला जंतू, एवढं विचारलं की त्यातले चारशे आपोआप बाजूला होतात.

न्यूमोकोकस आणि हिमोफिलस या जंतूंभोवती साखरेच्या साखळ्यांचं बुळबुळीत आवरण असतं. त्यावर अँटिबॉडी चिकटली की पांढऱ्या पेशींना पकड मिळते. अँटिबॉडी नसेल तर त्या पेशी कितीही असल्या तरी हात घसरतो. या मुलाच्या पांढऱ्या पेशी सोळा हजारांवर होत्या, लिम्फोसाइट सुमारे ३,७००. दोन्ही आकडे पाहून ‘प्रतिकारशक्ती चांगली आहे’ असं कुणी म्हटलं असतं तर नवल नव्हतं.

घसा, मान आणि एक वजाबाकी

तपासताना त्याचं तोंड उघडून जीभ दाबली. चार वर्षांच्या मुलाच्या घशात टॉन्सिल दिसतातच. या वयात ते मोठेच असतात, इतके की आईबाप घाबरून काढून टाकायला सांगतात. इथे दोन्ही बाजू सपाट. खाली वर, डावी उजवी, पुन्हा पाहिलं. मऊ, गुलाबी, सपाट. मानेवर बोटं फिरवली. ज्या मुलाचा कान तीन वर्षं वाहतोय त्याच्या मानेत निदान वाटाण्याएवढी गाठ लागायला हवी. एकही नाही. काखेत नाही, जांघेत नाही. मानेचा बाजूने एक्स-रे काढला तर नाकामागची अॅडिनॉइडची सावलीही नव्हती. टॉन्सिल, अॅडिनॉइड आणि लिम्फ गाठी बऱ्याचशा बी पेशींनी, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींनी, भरलेल्या असतात. बी पेशीच नसतील तर त्या भरणार कशाने? चार वर्षांत या मुलाचा घसा अनेकांनी पाहिला असेल. पण आपल्याला सुजलेले टॉन्सिल पाहायची सवय आहे. नसलेले नजरेत येत नाहीत.

बोटांची नखं किंचित फुगीर होऊ लागली होती. उजव्या छातीत खाली चरचर. ऐकू कमी येत असावं. हाक मारली की तो आईच्या तोंडाकडे बघायचा.

मग मी जुने रिपोर्ट उलटे वाचायला घेतले. तीन भरतींमध्ये यकृताच्या चाचण्या झाल्या होत्या, एकेटी सुरू करण्याआधी करतातच. बिलिरुबिन ठीक, एसजीपीटी ठीक, म्हणून कागद फाइलला लागला. त्याच कागदावर खाली एकूण प्रथिनं आणि अल्ब्युमिन लिहिलेलं असतं. पहिल्यात ५.३ आणि ३.९. दुसऱ्यात ५.१ आणि ३.९. तिसऱ्यात ५.४ आणि ४.१. वजाबाकी केली की ग्लोब्युलिन मिळतं: १.४, १.२, १.३. या वयात ते दोनच्या वर असायला हवं. आणि ज्या मुलाला वर्षानुवर्षं पू, ताप, खोकला आहे त्याचं तर वाढलेलं असायला हवं, कारण ग्लोब्युलिनचा बराच मोठा भाग अँटिबॉडींचाच असतो. एका रिपोर्टवर अल्ब्युमिन-ग्लोब्युलिन गुणोत्तरापुढे ठळक खूणही होती. त्या गुणोत्तराकडे कोण बघतं?

अल्ब्युमिन नीट असल्यामुळे आणखी एक शंका फिटली. मूत्रपिंडातून किंवा आतड्यातून प्रथिनं गळत असती तर अल्ब्युमिनही उतरलं असतं. इथे फक्त ग्लोब्युलिन कमी होतं, म्हणजे ते गळत नव्हतं, तयारच होत नव्हतं. ही वजाबाकी तालुक्याच्या कुठल्याही लॅबच्या कागदावर करता येते. अर्थात ग्लोब्युलिन चांगलं आहे म्हणून सगळं ठीक, असा उलटा अर्थ काढू नये. जंतू मारण्याची क्षमता नसलेल्या मुलांमध्ये ते भरपूर वाढलेलं असतं.

आणखी एक कागद मला खटकला. एचआयव्हीची चाचणी दोनदा निगेटिव्ह. वारंवार आजारी पडणाऱ्या मुलात ती करणं बरोबरच आहे. पण ती अँटिबॉडीची चाचणी होती. जे मूल अँटिबॉडी बनवतच नाही त्याची अशी कुठलीही चाचणी निगेटिव्हच येणार, मग ती एचआयव्हीची असो, डेंग्यूची असो की टायफॉइडच्या विडालची. अशा मुलात विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर चाचणी लागते. ती नंतर केली, निगेटिव्ह आली. लसीकरणाच्या कार्डाचंही तेच. सगळ्या रकान्यांत टिक, पेंटाव्हॅलंटचे तिन्ही डोस. कार्ड पूर्ण पाहून सगळ्यांनाच हायसं वाटलं होतं. लस दिली होती, पण तिचा पाठ गिरवणाऱ्या पेशीच शरीरात नव्हत्या.

मामा

घराण्याचा इतिहास आधीही विचारला गेला होता. दोन कार्डांवर ‘विशेष काही नाही’ असं लिहिलेलं. मी विचारलं तेव्हाही उत्तर आजीने, म्हणजे वडिलांच्या आईने दिलं: ‘आमच्या घराण्यात असं कोणालेच नाही.’ ते खरंच होतं. पण प्रश्न त्या घराण्याचा नव्हता. रक्त काढायला आजी नातवाला घेऊन गेल्यावर मी आईला म्हटलं, ‘ताई, तुमच्या माहेरी कुणी मुलगा लहानपणी गेला का? तुमचा भाऊ, मामा, बहिणीचा मुलगा?’ ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘माह्या लहान भावाचाही कान असाच फुटायचा, डॉक्टर. तो तीन वर्षांचा असताना गेला. डबा झाला म्हणत होते.’

सासरी हे तिने कधी सांगितलं नव्हतं. का, हे विचारायची गरज नाही.

आजार आईकडच्या मुलग्यांतच दिसत असेल तर दोष एक्स गुणसूत्रावर असण्याची शक्यता मोठी. असा दोष बाईला सहसा त्रास देत नाही, कारण तिच्याकडे दुसरा चांगला एक्स असतो. तिच्या प्रत्येक मुलाला तो दोष मिळण्याची शक्यता निम्मी, आणि प्रत्येक मुलीने वाहक होण्याची निम्मी. म्हणून इथे मामा, मावशीचा मुलगा, आईचा मामा यांच्याबद्दल नाव घेऊन विचारावं लागतं. ‘घरात कुणाला आहे का’ या प्रश्नाला आपल्याकडे ‘सासरचं घर’ असाच अर्थ घेतला जातो. नात्यातल्या लग्नाचाही इथे संबंध नाही. आपल्याकडे आत्याचा मुलगा-मामाची मुलगी अशी लग्नं होतात म्हणून डॉक्टरही लगेच तिकडे वळतात; ते दोन्हीकडून आलेल्या दोषांसाठी महत्त्वाचं, या आजारासाठी नाही. आणि इतिहास नसेल तरी आजार नाकारता येत नाही. नवा दोष त्या मुलापासूनच सुरू झालेला असू शकतो.

रिपोर्ट चौथ्या दिवशी आले. आयजीजी ४८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर; या वयात ते पाचशेच्या वर अपेक्षित. अँटिबॉडीच्या दुसऱ्या दोन प्रकारांपैकी आयजीए मोजता येणार नाही इतकं कमी, आयजीएम १५. अशा रिपोर्टवर बऱ्याचदा मोठ्यांच्या मर्यादा छापलेल्या असतात, त्यामुळे सहा महिन्यांच्या निरोगी बाळाचा आकडाही कमी दिसतो आणि घबराट होते. वयाप्रमाणे तक्ता बघितल्याशिवाय मत बनवू नये. इथे मात्र कुठलाही तक्ता चालला असता.

पुढची तपासणी मुंबईत. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. जन्मजात प्रतिकारदोषांची तपासणी तिथे वर्षानुवर्षं चालते. पेशींची तपासणी ताज्या रक्तावर करावी लागते, म्हणून नमुना पाठवण्यापेक्षा कुटुंबच बडनेऱ्याहून विदर्भ एक्स्प्रेसने गेलं. बी पेशी, म्हणजे सीडी१९ची खूण असलेल्या, ०.१ टक्का, सहसा त्या पाच-दहा टक्क्यांच्या वर असतात. टी पेशी भरपूर. बी पेशी वाढायला लागणारं बीटीके नावाचं प्रथिन मुलाच्या पेशींत जवळजवळ नाही, आणि आईच्या पेशींत दोन गट: काहींत आहे, काहींत नाही. हा दुहेरी नमुना म्हणजे ती वाहक असल्याचा पुरावा. जनुकीय चाचणीत बीटीके जनुकातला दोष सापडला. निदान: एक्स-लिंक्ड अॅगामाग्लोब्युलिनेमिया, म्हणजे एक्स गुणसूत्रावरच्या दोषामुळे अँटिबॉडीच न बनणं.

हा आजार पहिल्यांदा ओळखला तो वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ ऑग्डेन ब्रुटन यांनी, १९५२ साली, आठ वर्षांच्या एका मुलात. त्याला पुन्हापुन्हा न्यूमोकोकसचा रक्तसंसर्ग होत होता. रक्तातली प्रथिनं वेगळी करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये पाहिलं तर गामा ग्लोब्युलिनचा पट्टा नव्हताच. ब्रुटन यांनी त्याला दर महिन्याला इतर माणसांच्या रक्तातलं गामा ग्लोब्युलिन टोचायला सुरुवात केली आणि संसर्ग थांबले. म्हणजे आजाराचं निदान आणि त्यावरचा उपाय एकाच लेखात आला. वैद्यकशास्त्रात असं क्वचित होतं. जनुक सापडायला १९९३ उजाडलं. गंमत अशी की याच बीटीके प्रथिनाला रोखणारी औषधं आता बी पेशींच्या रक्तकर्करोगावर दिली जातात. या मुलांनीच दाखवून दिलं होतं की बीटीकेशिवाय बी पेशी वाढत नाहीत.

नंतर

उपचाराचं तत्त्व आजही तेच. दर तीन ते चार आठवड्यांनी शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, दर किलोला ४०० ते ६०० मिलिग्रॅम. आमच्या मुलासाठी सुरुवातीला सुमारे ६ ग्रॅम. या औषधाची बाटली हजारोंच्या घरात जाते, मूल वाढेल तशी मात्रा वाढते, आणि ती आयुष्यभर लागते. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात गट २ मध्ये प्राथमिक प्रतिकारदोषांसाठी इम्युनोग्लोब्युलिनचा आणि या आजाराचा नावासह उल्लेख आहे. एससीआयडीसारखे ज्यांना बोनमॅरो प्रत्यारोपणाने बरं करता येतं ते गट १ मध्ये. मदतीची मर्यादा पुढे ५० लाख रुपयांपर्यंत नेली गेली आणि ती ठरलेल्या उत्कृष्टता केंद्रांमार्फत मिळते. मुंबईचं केईएम त्यातलं एक. कागदपत्रांना वेळ लागला. तोवरच्या मात्रा सामाजिक कार्यकर्त्यांनी ट्रस्टकडून जमवल्या. आता दर महिन्याला हे औषध घराजवळच्या सरकारी रुग्णालयात सलाइनसारखं लावतात; मुंबईला फक्त तपासणीसाठी जायचं.

पहिल्या मात्रेला थंडी-ताप आला, वेग कमी केल्यावर गेला. चौथ्या मात्रेआधी आयजीजी ६१० होतं. वर्षभरात वजन १५.३ किलो, एकही भरती नाही. कान कोरडा. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागातल्या श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या दिसल्या, ब्राँकिएक्टेसिस. ते इंजेक्शनने भरून येत नाही. रोज सकाळी पालथं झोपवून पाठ थोपटायची आणि कफ काढायचा, हे आई शिकली आहे. निदान दुसऱ्या न्यूमोनियाला झालं असतं तर हा भाग बहुधा वाचला असता.

एक गोष्ट घरी नीट समजावून द्यावी लागली: पोलिओचे थेंब. तोंडावाटे दिली जाणारी लस जिवंत असते. निरोगी बाळ काही आठवड्यांत विषाणू बाहेर टाकून मोकळं होतं, पण अँटिबॉडी नसलेल्या मुलाच्या आतड्यात तो महिनोन्‌महिने राहू शकतो, बदलू शकतो आणि त्यालाच लकवा आणू शकतो. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यामुळे असा एक दीर्घकाळ विषाणू सोडणारा रुग्ण सार्वजनिक आरोग्यासाठीही महत्त्वाचा. त्याच्या शौचाचा नमुना तपासून घेतला, निगेटिव्ह होता. पण पल्स पोलिओच्या रविवारी आशाताई दारात आल्यावर आईने ‘नको’ म्हणायचं कसं? गावात थेंब नाकारणारी बाई म्हणजे अडाणी. म्हणून मी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे मराठीत पत्र दिलं: या मुलाला आणि त्याच्या घरातल्या लहान मुलांना थेंब देऊ नयेत, इंजेक्शनची पोलिओ लस द्यावी. आशाताईंनी पत्राचा फोटो काढून ठेवला आणि पुढच्या फेरीत स्वतःच त्या घराला वगळलं.

राहिलं आईचं. आजार तिच्याकडून आला हे सासरी कळल्यावर काही आठवडे फार वाईट गेले. एका भेटीत आजी-आजोबांसह सगळ्यांना बसवून मी सांगितलं की गुणसूत्र निवडून कुणी देत नाही, आणि मामाचा उल्लेख तिने केला नसता तर अजून एक न्यूमोनिया होईपर्यंत आपण टीबीच शोधत बसलो असतो. आजीला किती पटलं माहीत नाही. वडिलांना पटलं. औषध लावायला आता तेच घेऊन येतात.

आईच्या धाकट्या बहिणीला अमरावतीला पाच महिन्यांचा मुलगा होता, गुटगुटीत, कधी आजारी न पडलेला. त्याला तपासायला सांगितल्यावर मावशी रागावली, आणि ते स्वाभाविक होतं. त्याचं आयजीजी ३१० आलं. या वयात ते बिनचूक दिसतं, पण त्यातलं बरंचसं आईकडून आलेलं असतं, म्हणून त्या आकड्यावर विसंबता येत नाही. अशा बाळात बी पेशी मोजाव्या लागतात. मोजल्या. शून्य. थेंब बंद केले आणि सहाव्या महिन्यात, ७.२ किलो वजनावर, त्याची पहिली मात्रा सुरू झाली. मावशीला सात वर्षांची मोठी मुलगीही आहे. ती वाहक आहे का हे आत्ताच तपासून हवं होतं मावशीला. मी नाही म्हटलं. तिच्या तब्येतीला त्याने काही फरक पडत नाही, आणि हा निर्णय तिने मोठी झाल्यावर स्वतः घ्यायचा आहे. तोपर्यंत तिच्या फाइलीत भावाच्या जनुक चाचणीच्या रिपोर्टची प्रत लावून ठेवायला सांगितली आहे.